मूकपटात गाणारी नायिका : आतांग दे ला रामाची कारकीर्द

12 सप्टेंबर 1919 रोजी मनिलातल्या तेआत्रो दे ला कोमेदिया या नाट्यगृहात 'दालागांग बुकिद' हा चित्रपट लागला. फिलिपिनो माणसाने काढलेला पहिला कथापट म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. चित्रपट मुका होता, तरी प्रेक्षकांना गाणं ऐकू येत होतं, कारण नायिका स्वतः थिएटरात हजर असे. पडद्यावर गाण्याचा प्रसंग आला की ती प्रत्यक्ष गायची. साथीला एक ट्रम्पेट, एक व्हायोलिन आणि एक पियानो. तिचं नाव ओनोराता दे ला रामा. सगळे तिला आतांग म्हणत. तेव्हा ती 17 वर्षांची होती.

तिची माहिती शोधायला गेलं तर तीन गोष्टी लगेच सापडतात: पहिली फिलिपिनो चित्रपट-नायिका, 'कुंदिमानची', म्हणजे तिथल्या प्रेमगीतांची, 'राणी', आणि 1987 साली मिळालेला राष्ट्रीय कलाकाराचा मान. तिन्ही खऱ्या आहेत. पण त्या एकापुढे एक ठेवल्या तरी ही बाई नेमकी काय होती ते कळत नाही. शिवाय 1919 च्या त्या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. जिचा सिनेमा आज कुणालाच पाहता येत नाही, तिला सिनेमाच्या इतिहासात एवढी मोठी जागा कशी मिळाली? माझ्या मते याचं उत्तर सिनेमात शोधून मिळणारच नाही. फिलिपिन्सचा सिनेमा जन्मला तो रंगभूमीच्या मांडीवर, आणि आतांग त्या रंगभूमीची लेक होती. तिची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य 300 वर्षांहून जास्त टिकलं. 1898 मध्ये स्पेन अमेरिकेशी युद्ध हरला आणि 2 कोटी डॉलर घेऊन त्याने हा देश अमेरिकेच्या हवाली केला. फिलिपिनो क्रांतिकारकांनी त्याच वर्षी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, पण त्या सौद्यात त्यांना कुणी विचारलं नाही. मग अमेरिकेशी लढाई झाली, तीही हरली. आतांगचा जन्म 11 जानेवारी 1902 चा, मनिलाच्या पांदाकान भागातला. म्हणजे स्पेनची भाषा, धर्म, नाटक-संगीत घराघरांत मुरलेलं आणि वरून अमेरिकेचं सरकार, अमेरिकन शाळा, अमेरिकन करमणूक नुकतीच उतरलेली, अशा काळात ती वाढली.

स्पेनहून आलेल्या गोष्टींत 'सार्सुएला' हा नाट्यप्रकार होता. संवाद आणि गाणी यांची सरमिसळ, वाद्यवृंद, प्रेमकथा, थोडा विनोद. मराठी वाचकाला आपलं संगीत नाटक डोळ्यांपुढे आणलं की त्याची चांगली कल्पना येईल. तिथेही लोक गाण्यांसाठी येत, आवडत्या पदाला पुन्हापुन्हा मागणी होई आणि नाटक संपल्यावर पदं गावभर फिरत. एक फरक मात्र मोठा. आपल्याकडे त्या काळी स्त्रीभूमिका बहुतेक पुरुष करत, आणि 1913 मध्ये फाळक्यांनाही तारामतीच्या भूमिकेसाठी अण्णा साळुंके यांनाच उभं करावं लागलं. मनिलात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच प्राक्सेदेस फर्नांदेस, म्हणजे लोकांची लाडकी 'येयेंग', यांच्यासारख्या गायिका-नट्या सार्सुएलात नावारूपाला आल्या होत्या. मनिलात कॅमेरा आला तेव्हा नायिका कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. त्या आधीपासून रंगमंचावर उभ्या होत्या, आणि त्यांना प्रेक्षकही होता.

सुरुवातीला हा सगळा कारभार स्पॅनिशमध्ये चाले. 1902 मध्ये सेव्हेरिनो रेयेस यांनी 'वालांग सुगात' ही तागालोग भाषेतली सार्सुएला रंगभूमीवर आणली आणि चित्र बदललं. सामान्य माणसाच्या भाषेत, त्याच्या घरातल्या गोष्टी रंगमंचावर येऊ लागल्या: सावकारी, कोंबड्यांच्या झुंजींचं व्यसन, साहेबासारखं दिसण्या-बोलण्याचा सोस. तागालोगमध्ये या प्रकाराला 'सार्सुवेला' म्हणतात.

नव्या अमेरिकन सरकारला या नाटकांची भीती वाटत होती. 1901 च्या राजद्रोहाच्या कायद्याने स्वातंत्र्याचा पुरस्कार करणंच गुन्हा ठरलं होतं. 1903 च्या सुमाराला ऑरेलियो तोलेन्तिनो आणि हुआन आबाद यांच्यासारख्या नाटककारांना नाटकांपायी अटक झाली. तेव्हापासून नाटकवाले सावध झाले. उघड राजकारण मागे पडलं, घरगुती कथा पुढे आल्या. पण घरगुती म्हणजे निरुपद्रवी असं समजू नये. तरुण मुलीला पैसेवाल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेले आईबाप रंगमंचावर दिसले की त्यात आपल्या देशाची गोष्ट वाचायला प्रेक्षक पुरेसे शहाणे होते.

आतांगचे आईवडील लवकर गेले. थोरल्या बहिणीने तिला सांभाळलं, आणि त्या बहिणीचे यजमान होते लेओन इग्नासियो, सार्सुवेलाचे नावाजलेले संगीतकार. तिच्या आयुष्याला वळण मिळालं ते या घरामुळे. वयाच्या सातव्या वर्षी ती 'मरिना'सारख्या स्पॅनिश सार्सुएलांत काम करू लागली होती. तालीम, सुरावट, पाठांतर, रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं, हे सगळं तिने शाळेच्या वयात, घरच्या घरी उचललं. लाउडस्पीकर नसलेल्या काळात आवाज पोचवणं हे केवढं काम होतं ते ज्यांनी जुन्या नाट्यगृहात विनामाइकचा प्रयोग ऐकला आहे त्यांना सांगायला नको.

'दालागांग बुकिद' म्हणजे खेड्यातली तरुणी. ही मुळात सार्सुवेलाच, हेर्मोहेनेस इलागान यांनी लिहिलेली आणि लेओन इग्नासियोंनीच संगीत दिलेली. देशभर तिचे हजार तरी प्रयोग झाल्याचं सांगतात. रंगमंचावर नायिका म्हणून आतांग उभी राहिली तेव्हा ती 15 वर्षांची होती.

गोष्ट अशी. आन्हेलिता फुलं विकणारी मुलगी. नाचगाण्याच्या क्लबाबाहेर ती फुलं विकते आणि त्या क्लबात नेहमी येणारा दोन सिल्व्हेस्त्रे ('दोन' ही स्पॅनिश आदरार्थी उपाधी) नावाचा म्हातारा, मालदार सावकार तिच्यावर लट्टू होतो. तिचं मन सिप्रियानो या कायद्याच्या विद्यार्थ्यावर बसलेलं. पण आईवडिलांना जुगाराचं व्यसन, हात सदैव रिकामे, आणि दोन सिल्व्हेस्त्रेकडे पैसा. मुलीला खूश करायला तो सौंदर्यस्पर्धेतली मतं विकत घेऊन तिला जिंकवून देतो. ही काही लेखकाची नुसती कल्पना नव्हती. मनिला कार्निव्हल नावाच्या अमेरिकनांनी सुरू केलेल्या वार्षिक जत्रेची राणी तेव्हा वर्तमानपत्रांतल्या मतपत्रिकांवर ठरायची, आणि ज्याच्याकडे पैसा तो गठ्ठ्याने मतं टाकायचा. प्रेक्षकाला नेम कुणावर आहे ते लगेच कळत असणार. शेवटी राणीला मुकुट घालायच्या आधी सिप्रियानो, आता शिक्षण पुरं झालेला, आन्हेलिताला थेट चर्चमध्ये घेऊन जातो. लग्न लावून दोघं दोन सिल्व्हेस्त्रेच्या मेजवानीला हजर होतात, आणि म्हातारा चक्कर येऊन पडतो.

मला या कथानकात सर्वांत लक्षणीय वाटते ती आन्हेलिताची कमाई. ती रस्त्यावर उभी राहून स्वतः पैसा मिळवते, आणि तिच्या आईबापांपेक्षा तिलाच पैशाची खरी किंमत ठाऊक आहे. खेड्यातली भोळी पोर असं शीर्षकावरून वाटतं, पण भूमिका तेवढी सोपी नाही. लाजरेपणा, मिश्कीलपणा आणि हट्ट हे तिन्ही एका मुलीत दाखवायचं, तेही गात गात.

कॅमेरा आला कुठून

मनिलात चलचित्रं पहिल्यांदा दिसली 1 जानेवारी 1897 रोजी, एस्कोल्ता या बाजाररस्त्यावरच्या सालोन दे पेर्तिएर्रा या जागेत. तेव्हा स्पेनविरुद्धची क्रांती पेटलेली होती आणि दोनच दिवसांपूर्वी राष्ट्रनायक होसे रिझाल यांना स्पॅनिश सरकारने गोळ्या घातल्या होत्या. पुढे अमेरिकन राजवटीत सिनेमा हा अमेरिकनांचा धंदा झाला. यंत्रं त्यांची, थिएटरं बरीचशी त्यांची, चित्रपटही बाहेरून आलेले. 1912 मध्ये मनिलातल्या दोन अमेरिकनांनी, एडवर्ड मायर ग्रॉस आणि आल्बर्ट यिअर्सली यांनी, जवळजवळ एकाच वेळी रिझाल यांच्यावर चित्रपट काढले. ग्रॉसची बायको तिताय मोलिना ही सार्सुवेलातली नटी होती आणि या चित्रपटांच्या पडद्यावर रंगभूमीचेच लोक दिसले.

म्हणून 'पहिली फिलिपिनो नायिका' हा शब्दप्रयोग जपून वापरावा लागतो. कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली पहिली फिलिपिनो स्त्री आतांग नव्हे. फिलिपिनो निर्मात्याच्या पहिल्या कथापटाची ती नायिका. फरक बारीक वाटेल, पण त्या वसाहतीत कॅमेरा कुणाच्या हातात आहे याला फार किंमत होती.

तो कॅमेरा 1919 मध्ये होता होसे नेपोमुसेनो यांच्या हातात. ते मूळचे छायाचित्रकार. मनिलात त्यांचा स्टुडिओ चांगला चालत होता. 1917 मध्ये त्यांनी भावाला सोबत घेऊन 'मलायन मूव्हीज' ही कंपनी काढली आणि यंत्रसामग्री विकत घेतली ती ग्रॉस आणि यिअर्सली यांच्याकडूनच. कथापटाआधी त्यांनी छोटी वृत्तचित्रं काढून हात बसवून घेतला. काळही अनुकूल होता. 1916 च्या कायद्यात अमेरिकेने फिलिपिन्सला कधीतरी स्वातंत्र्य देण्याचं आश्वासन दिलं होतं आणि 1919 मध्ये स्वातंत्र्य मागायला पहिलं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेलं. आपल्या लोकांनी, आपल्या लोकांची गोष्ट पडद्यावर आणायची, याला त्या वर्षी नुसत्या धंद्यापलीकडचा अर्थ होता.

नेपोमुसेनोंना गोष्ट हवी होती, नट हवे होते, आणि पैसे बुडू नयेत म्हणून तयार प्रेक्षक हवा होता. तिन्ही एकाच ठिकाणी मिळाले. गाजत असलेली सार्सुवेला, तिची नायिका आतांग, नायकाच्या भूमिकेत मार्सेलियानो इलागान.

पण अडचण उघड होती. ज्या नाटकाला लोक गाण्यांसाठी येतात, ते मुक्या पडद्यावर आणायचं कसं? संवाद पाट्यांवर लिहिता येतात, आणि त्या लिहिल्याही, स्पॅनिश, इंग्रजी आणि तागालोग अशा तीन भाषांत. मनिलातल्या एकाच थिएटरात जुन्या पिढीचे स्पॅनिश शिकलेले लोक, अमेरिकन शाळांतून निघालेली इंग्रजी वाचणारी पोरं आणि यातलं काहीच न येणारा तागालोग बोलणारा कामगार शेजारी शेजारी बसत होते. तिघांनाही धरून ठेवायचं होतं. गाण्याला मात्र पाटी पुरत नाही. ओळी वाचल्या म्हणून कुणाचं समाधान होत नाही.

त्यावर काढलेला तोडगा म्हणजे आतांगने थिएटरात उभं राहून 'नाबासाग ना बांगा', फुटलेला मातीचा घडा, हे गाणं गाणं. खेड्यातली मुलगी पाणी भरायला जाते, एक तरुण मागे मागे येतो, तिचा पाय घसरतो आणि घडा फुटतो, एवढंच गाणं. वरवर गमतीचं, आत थोडी चावट सूचना, जी सगळ्यांना कळते आणि कुणी बोलून दाखवत नाही. असं गाणं बिघडायला वेळ लागत नाही. सूचना जरा जास्त झाली की ते उथळ होतं, कमी झाली की बेचव. आतांगची ख्याती याच गाण्याने झाली, आणि ती तोल सांभाळण्याची ख्याती होती असं मला वाटतं.

आता या कामाचा तांत्रिक भाग पाहा. रंगमंचावर गायिका श्वास घ्यायला थांबली तर वादक थांबतात. पडद्यावरची फिल्म थांबत नाही. कॅमेऱ्यापुढे गाताना जो वेग होता तोच थिएटरात पकडायचा, आपल्याच चेहऱ्याकडे बघत आपल्याच ओठांशी सूर जुळवायचा, आणि त्या काळी प्रोजेक्टरची गतीही चालवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. पार्श्वगायन हा शब्दसुद्धा नव्हता तेव्हा ही मुलगी स्वतःचंच पार्श्वगायन करत होती, रोज, चुकीला जागा न ठेवता. मूकपटांना वादकांची साथ जगभर असे. पण नायिकेनेच येऊन आपला आवाज पडद्याला द्यायचा हे विरळा. पहिल्या फिलिपिनो चित्रपटाचं यश हे एका गायिकेच्या रोजच्या हजेरीवरही उभं होतं, हे चित्रपटांच्या इतिहासात एका वाक्यात उरकलं जातं याचं मला वाईट वाटतं.

मग ती सिनेमातच का राहिली नाही

1920 मध्ये नेपोमुसेनोंनी 'ला वेन्गान्सा दे दोन सिल्व्हेस्त्रे' काढून त्याच म्हाताऱ्याला पुन्हा पडद्यावर आणलं. 1930 च्या 'ओरिएंटल ब्लड'मध्ये आतांग होती, पुढे बोलपटांतही काम केलं. पण तिच्या नावावरच्या चित्रपटांची यादी छोटीच आहे. याला अपयश म्हणणं चुकीचं ठरेल. मूकपटाने तिच्याकडून तिचं सर्वांत मोठं भांडवल, म्हणजे आवाज, काढून घेतला होता. तो परत मिळायला 1933 उजाडावं लागलं, जेव्हा फिलिपिन्सचा पहिला बोलपट आला. तोवर ती तिशी ओलांडून गेली होती आणि पडद्याला नवे, कोवळे चेहरे हवे होते. हॉलिवूडच्या नायिकांच्या धर्तीवर आता नव्या नट्या घडवल्या जात होत्या. 1926 च्या 'आंग तात्लोंग हांबोग' या नेपोमुसेनोंच्याच चित्रपटात एलिझाबेथ 'डिंपल्स' कूपरने फिलिपिनो पडद्यावरचं पहिलं चुंबन दिलं आणि गाजली. सात वर्षांत पडद्याची आवड फुलवालीपासून इथवर आली होती.

मधल्या काळात आतांगने औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली. नाटकातल्या मुलीला दुसरा आधार असावा एवढा व्यवहार घरात होता, असं यावरून म्हणता येईल. दुकान मात्र तिने थाटलं नाही. लेओन इग्नासियोंचंच संगीत असलेल्या 'आंग किरी' या 1926 च्या सार्सुवेलात तिने नखरेल नायिका रंगवली, जी आन्हेलितापेक्षा अगदी वेगळ्या जातीची होती.

सार्सुवेलाचे दिवस मात्र भरत आले होते. 1920 च्या दशकात अमेरिकेतून 'व्होदव्हिल' आलं. फिलिपिनो जिभेवर त्याचं 'बोदाबिल' झालं. जॅझ, टॅप डान्स, जादूचे खेळ, विनोदी नकला, सगळं एका तिकिटात. लुइस बोरोमेओ हा वादक अमेरिकेहून परतून 'बोरोमेओ लू' या नावाने जॅझ वाजवू लागला. तीन अंकांचं नाटक बघायला बसण्याइतका धीर तरुणांत राहिला नाही. बऱ्याच सार्सुवेलावाल्यांनी कंपन्या गुंडाळल्या.

आतांगने या मंचाकडे पाठ फिरवली नाही. ती बोदाबिलमध्ये गेली, आणि तिथे जॅझच्या मधोमध उभी राहून कुंदिमान गायली.

कुंदिमान हे तागालोग प्रेमगीत. तीन मात्रांचा संथ ठेका. सुरुवात मायनर स्वरांत, म्हणजे खिन्न, आर्जवी. प्रियकर आपली दैना सांगतो, मी तुझ्यापुढे धुळीसमान आहे म्हणतो. मग उत्तरार्धात गाणं मेजर स्वरांकडे वळतं आणि तीच याचना एकदम उजळते, जणू आशेची चाहूल लागली आहे. हा वळणाचा क्षण हेच कुंदिमानचं मर्म. गायकाने तो जोर लावून गाठला तर गाणं फसतं. श्रोत्याला नकळत तिथवर न्यावं लागतं. फ्रान्सिस्को सान्तियागो आणि निकानोर आबेलार्दो या संगीतकारांनी 1910 आणि 20 च्या दशकांत या लोकगीताला मैफिलीच्या दर्जाचं रूप दिलं. आणि गाण्यातली ती अप्राप्य, दुःखी प्रेयसी म्हणजे पारतंत्र्यातली मायभूमी, हा अर्थ क्रांतीच्या काळापासून लोकांच्या मनात होता. राजद्रोहाचा कायदा प्रेमगीताला हात लावू शकत नव्हता.

म्हणून आतांगचं कुंदिमान गाणं हे जुन्याला कवटाळणं नव्हतं. नव्या करमणुकीत आपली जागा राखण्याची ती धडपड होती, आणि ती तिने लोकांच्या दारात जाऊन केली. तेआत्रो लिबेर्ताद, तेआत्रो सोर्रिया या मनिलाच्या मोठ्या नाट्यगृहांत ती गायलीच. पण लुझोन, विसाया, मिंदानाव या तिन्ही भागांत गावचौकात आणि कोंबड्यांच्या झुंजींच्या आखाड्यांतही तिने प्रयोग केले. फिलिपिन्समधल्या लहान गावात मोठा जमाव बसेल अशी तयार जागा म्हणजे हा आखाडा. सभोवती बाकं, मधे मोकळी जागा. जुगारापायी मुलीचा सौदा करणाऱ्या आईबापांची नाटकं करणारी नटी जुगाराच्याच आखाड्यात उभी राहते, यात केवढं धाडस आहे! इगोरोत, आएता, मांग्यान या आदिवासी समाजांपर्यंतही ती कुंदिमान आणि सार्सुवेला घेऊन गेली. परदेशात होनोलुलू, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजलिस, न्यूयॉर्क, हाँगकाँग, शांघाय, टोकियो इथे तिने गाणी ऐकवली. हवाईच्या आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांवर तेव्हा हजारो फिलिपिनो मजूर राबत होते. त्यांच्यासाठी ते सूर काय असतील ते घर सोडून राहिलेल्या कुणालाही कळेल. पुढे तिने स्वतः सार्सुवेला लिहिल्या आणि उभ्याही केल्या.

1932 मध्ये तिने आमादो हेर्नांदेस यांच्याशी लग्न केलं. ते मनिलाच्या तोंदो या कामगार वस्तीतले कवी आणि पत्रकार. 1942 ते 45 या जपानी राजवटीत चित्रपटांचं चित्रीकरण जवळपास थांबलं, हॉलिवूडचे चित्रपट बंद झाले, आणि रिकाम्या थिएटरांत पुन्हा नाटकं नि बोदाबिल भरले. युद्धानंतर हेर्नांदेस मोठ्या कामगार संघटनेचे नेते झाले. जानेवारी 1951 मध्ये सरकारने बंडाच्या आरोपाखाली त्यांना पकडलं. जन्मठेप झाली. 1956 मध्ये ते जामिनावर सुटले आणि 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. फिलिपिन्समध्ये कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा खटला आजही वाचावा लागतो, कारण बंड आणि खून यांची मोट बांधून मोठी शिक्षा देता येणार नाही हे तिथे ठरलं. नवऱ्यावर देशद्रोहाचा शिक्का असताना लोकप्रिय गायिकेने तेरा वर्षं काढणं सोपं नव्हतं. ती त्यांच्या बाजूने उभी राहिली. 1970 मध्ये हेर्नांदेस गेले. 1973 मध्ये त्यांना साहित्यासाठी मरणोत्तर राष्ट्रीय कलाकार घोषित केलं. 1979 मध्ये आतांगला 'कुंदिमानची राणी' म्हणून गौरवलं आणि 8 मे 1987 रोजी रंगभूमी आणि संगीतासाठी तीही राष्ट्रीय कलाकार झाली. तिच्या सन्मानात सिनेमाचा शब्द नाही, आणि तिच्या कामाकडे पाहिलं तर ते बरोबरच आहे. 11 जुलै 1991 रोजी तिचं निधन झालं.

चित्रपट गेले कुठे

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेते आणि उष्ण, दमट हवेत सडते. मनिलाच्या हवेत तर लवकरच. जुना चित्रपट जपून ठेवायचा असतो ही कल्पनाही तेव्हा कुणाला नव्हती. त्यावर कळस झाला तो फेब्रुवारी-मार्च 1945 च्या मनिलाच्या लढाईत. जपानी आणि अमेरिकन सैन्यांच्या त्या महिनाभराच्या लढाईत सुमारे 1 लाख नागरिक मेले आणि शहराचा जुना भाग जमीनदोस्त झाला. थिएटरं, स्टुडिओ, फिल्मचे डबे, फारसं काही वाचलं नाही. नेपोमुसेनोंचा एकही मूकपट आज शिल्लक नाही. 2019 मध्ये फिलिपिन्सने आपल्या सिनेमाची शताब्दी साजरी केली, ती 'दालागांग बुकिद'च्या तारखेवरूनच.

आतांगचा आवाज मात्र जुन्या ध्वनिमुद्रिकांवर राहिला आहे आणि त्यांतल्या काही आज सहज ऐकता येतात. 'नाबासाग ना बांगा' आजही गायलं जातं, सार्सुवेलाचे प्रयोगही अधूनमधून होतात.

त्या काळच्या नट्या पडद्यावरच पाहायच्या असतील तर युद्धापूर्वीचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बोलपट वाचले आहेत. 1937 च्या 'झांबोआंगा'मध्ये रोसा देल रोसारियो आहे, जी 1951 मध्ये 'दार्ना' ही उडणारी नायिका म्हणून पुन्हा गाजली. 1939 च्या 'गिलिव को'मध्ये आणि 1941 च्या 'इबोंग आदार्ना'मध्ये मिला देल सोल भेटते. आणि 1940 चा 'पाकिउसाप' जरूर बघावा, कारण त्याचं नाव फ्रान्सिस्को सान्तियागोंच्या एका कुंदिमानवरून घेतलं आहे. बोलपट येऊन सात वर्षं झाली होती, आणि तिकीट खपवायला फिलिपिनो सिनेमा अजूनही त्याच गाण्यांकडे जात होता.